वांगवाडीच्या थोरल्याचा पासपोर्ट

सरकारी कचेरीत दोन गोष्टी कुणी न मागता साठत जातात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान साहेबांची फेरी असली की झटकली जाते. किस्से कोण झटकणार? मला नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी चार मित्र जमले आणि चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "ते पासपोर्टच्या टेबलाचं सांग की!" मग मी सांगायला लागतो आणि माझी बायको उठून आत जाते. तिला सगळे पाठ आहेत.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो होतो. वय तेवीस, अंगावर नवा कोट आणि नियमांचं पुस्तक पाठ. माझ्याकडं टेबल आलं पासपोर्टचं. अर्ज तपासायचे, चौकशी करायची आणि पुढं मुंबईला पाठवायचे. माझे हेडक्लार्क होते अण्णा. जाडजूड, शांत, तोंडात सुपारी. आणि दारात पट्टेवाले हसनभाई. कचेरीत खरी अक्कल कुणाकडं होती, हे मी आता सांगत नाही. पुढं तुम्हालाच कळेल.

पासपोर्टात 'राष्ट्रीयत्व' असा एक रकाना असे. इंग्रजांच्या मुलखात जन्मलेला माणूस असेल, तर तिथं लिहायचं 'जन्मानं ब्रिटिश प्रजाजन'. संस्थानात जन्मलेला असेल, तर 'ब्रिटिश संरक्षणाखालचा इसम'. मी हे हसनभाईंना पहिल्याच दिवशी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं.

हसनभाई म्हणाले, "म्हंजी आपन सायबाच्या घरातलं, आन सांगलीवालं सायबाच्या वळचणीला. भिजत्यात दोगं बी!"

आता आमच्या भागात हद्दी कशा होत्या बघा. हे गाव इंग्रजांचं. ओढा ओलांडला की सांगलीकडच्या एका संस्थानचं. पुढची टेकडी मिरजेकडच्या दुसऱ्या संस्थानची, आणि टेकडीमागं पुन्हा इंग्रज! एखाद्याची म्हैस सकाळी चरायला सुटली, तर दुपारपर्यंत तीन राज्यं हिंडून यायची. तिला कुणी रकाना विचारत नसे, म्हणून तिचं बरं चाललं होतं.

*

एक पैलवान आला. मूळचा मिरजेकडचा, राहायला साताऱ्याच्या तालमीत. त्याला कुस्त्यांसाठी सिलोनला जायचं होतं. मी त्याला अर्ज वाचून दाखवला. 'ब्रिटिश संरक्षणाखालचा इसम' हे शब्द आले आणि पैलवानानं हात वर केला.

"थांबा. संरक्षान कुनाचं?"

"तुमचं."

"करनार कोन?"

"इंग्रज सरकार."

पैलवान उभा राहिला. खोलीतला उजेड निम्मा झाला. "सायबाला म्हनावं, एकदा लाल मातीत उतर. मग ठरवू कोन कुनाचं संरक्षान करतंय! खोडा त्ये!"

मी नियम दाखवला, पोटनियम दाखवला. तो सही करीना. शेवटी अण्णांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि म्हणाले, "पैलवान, तुमचं नव्हे हो. तुमच्यापासून सिलोनच्या पैलवानांचं संरक्षण. करा सही."

पैलवानानं सही केली, आणि वर खूश होऊन कंदी पेढे आणून दिले!

*

संस्थानच्या माणसाचा अर्ज आला की आम्ही संस्थानच्या कचेरीला पत्र लिहायचो, 'हा इसम आपला आहे काय?' तिथं आमच्यासारखंच एक टेबल होतं. त्या टेबलावर होते दत्तोपंत. त्यांना आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचं अक्षर अण्णांनी झोपेतही ओळखलं असतं.

हे दत्तोपंत आणि आमचे अण्णा पत्रांतून भांडायचे. काय ती भाषा! 'आपल्या कचेरीच्या विद्वत्तेबद्दल पूर्ण आदर बाळगून असं सुचवावंसं वाटतं, की आपण नियम एकदा वाचून पाहावेत.' खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. अण्णा पत्र वाचायचे, खुर्चीत नीट बसायचे, आणि त्याच दिवशी त्याहून गोड उत्तर जायचं.

एकदा तीन आठवडे दत्तोपंतांचं पत्र आलं नाही. मला वाटलं, अण्णा खूश असतील. तर हे आपले रोज टपाल आलं की मान वर करून बघतायत. शेवटी मला म्हणाले, "एक स्मरणपत्र टाक बाबा."

"कुठल्या फाइलवर, अण्णा?"

"फाइल कुठलीही घे रे! माणूस आजारी तर नाही ना, ते कळायला हवं!"

*

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय तो किस्सा. किंवा एकाच फाइलीतले चार-पाच किस्से म्हणा.

वांगवाडीचे दोन भाऊ आले. वांगवाडी म्हणजे आमच्या इंग्रजी हद्दीतलं शेवटचं गाव. थोरला श्रीपती, धाकटा गणपती. दोघं लढाईत मोटारी दुरुस्त करायच्या पलटणीत होते. आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका शेठनं आपल्या गॅरेजात दोघांना बोलावलं होतं. श्रीपती बोलायचा कमी. गणपती दोघांचं मिळून बोलायचा.

अर्ज अगदी सारखे. घर एक, आईबाप एक, पलटण एक. फक्त जन्मठिकाणाच्या रकान्यात गणपतीचं होतं वांगवाडी, आणि श्रीपतीचं माळेवाडी. माळेवाडी ओढ्याच्या पलीकडं. म्हणजे संस्थानात.

अण्णांनी दोन्ही अर्जांवर सही करायला टाक उचललाही होता. मीच शहाणा! "अण्णा, हा थोरला आपला नाही!" म्हणून मी माळेवाडीखाली तांबडी रेघ मारली. अण्णांनी रेघेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि टाक खाली ठेवला. एकदा तांबडी रेघ पडली की ती पुसायची सोय सरकारात नाही. ती रेघ मी मारली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. ते मला आजही लागतं, हे इथंच कबूल करून टाकतो.

गणपती म्हणाला, "आवं सायेब, मिसरात न्हेलं तवा कुनी इचारलं न्हाई. इटलीत न्हेलं तवा बी न्हाई. आन आता नट आवळाया निगालो, तर दादा परका?"

*

महिन्याभरात गणपतीचा पासपोर्ट आला. 'जन्मानं ब्रिटिश प्रजाजन'. श्रीपतीच्या अर्जावर दत्तोपंतांचं उत्तर आलं. 'बाप तुमच्या गावचा, घर तुमच्या गावी, शेत तुमच्या गावी. आमच्या हद्दीत या इसमानं जन्म घेण्यापलीकडं काहीही केलेलं नाही. सबब तो आमचा नाही.'

अण्णांनी उलट लिहिलं, 'जन्म घेणं हेच पासपोर्टाच्या दृष्टीनं मुख्य काम होय.'

मुंबईनं तिसरंच काढलं. मुलगा बाहेर जन्मला असला तरी बाप इंग्रजी हद्दीत जन्मला असेल, तर 'वंशानं ब्रिटिश प्रजाजन' असं लिहिता येईल. बापाचं जन्मठिकाण कळवा. मला हायसं वाटलं. मी स्वतः वांगवाडीला गेलो, पाटलांचा जबाब घ्यायला.

पाटील म्हणाले, "ह्येंचा बाप दौलू? त्यो जल्मला मिरंजकडल्या संस्थानात. त्येच्या आईचं म्हायेर तिकडं."

"आणि आजोबा?"

"आजा बी थोरलाच. त्यो औंध संस्थानात."

"पणजोबा?"

पाटलांनी पगडी मागं सरकवली. "सायेब, उगं दमू नगासा. ह्या घरातला थोरला कायम परमुलखातच जल्मतो. पयलं बाळातपन म्हायेरी! त्येला आमी काय करनार?"

मी वहीत लिहीत होतो तो थांबलो. चार पिढ्या ते घर इंग्रजांच्या हद्दीत उभं होतं, आणि त्या घराचा एकही मालक तिथं जन्मलेला नव्हता. चार पिढ्यांच्या त्या थोरल्यांत इंग्रजांच्या हिशेबी एकही त्यांचा नव्हता, आणि धाकटा गणपती मात्र सोळा आणे त्यांचा!

*

पुढच्या आठवड्यात त्यांची आई आली. कृष्णाबाई. ठेंगणी, काटक, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. आली आणि थेट अण्णांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"गुन्हा माजा हाय," ती म्हणाली. "ल्योकाला सोडा."

अण्णा गडबडले. "अहो बाई, गुन्हा कसला?"

"ओढा वलांडून म्हायेरी ग्येले न्हवं का मी? सातवा सरला तवा माजा भाऊ गाडी घिऊन आला. सासूनं वटी भरली. पयलं बाळातपन म्हायेरी न्हाई करायचं, तर कुटं करायचं ओ?"

"करायचं की. माहेरीच करायचं."

"मग सरकारनं तवाच दवंडी पिटवायची हुती! गाडी ओढ्यात हुती तवर आडवायची. आता पोरगं तीस वर्सांचं झाल्यावर सांगताय?"

अण्णांनी उत्तरासाठी माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तक उघडलं. त्या पुस्तकात सोमालीलँड होतं, माल्टा होतं, बोटीवर जन्मलेल्या मुलांसाठी वेगळं कलम होतं. माहेर नव्हतं.

*

गणपतीचा एक वेगळाच खाक्या. त्यानं आपला पासपोर्ट घरी नेलाच नाही. "दादाचं आलं की दोनी संगं न्हेतो," म्हणाला, आणि आमच्या कपाटात ठेवायला लावला. दर बाजारच्या दिवशी दोघं भाऊ यायचे. गणपती पासपोर्ट मागून घ्यायचा, फोटो बघायचा, पानं चाळायचा आणि परत करायचा. श्रीपती बाकावर बसून असायचा. तक्रार कधी नाही. निघताना मला "येतो सायेब" म्हणायचा. ते 'सायेब' मला नको व्हायचं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

सहा महिन्यांनी मोंबासाहून पत्र आलं. एकजण तरी या, नाहीतर दोन्ही जागा जातील. एकाची जागा आणखी थोडे दिवस धरून ठेवतो. गणपती म्हणाला, जाणार नाही. तेव्हा कृष्णाबाईनं त्याला आमच्या कचेरीपर्यंत दंडाला धरून आणलं. कपाटातून पासपोर्ट काढायला लावला. तो त्याच्या खिशात कोंबला आणि म्हणाली, "जा. जागा धरून बस. मोटारीत न्हाई का रुमाल टाकत, तसं!"

गणपती दारापर्यंत गेला आणि वळून मला म्हणाला, "दादाचं आलं की तार करा. इसरू नगासा."

*

मुंबईहून आणखी एक पत्र आलं. त्यात प्रश्न होता, 'अर्जदार स्वतःस कोण समजतो? त्याचा जबाब घेऊन पाठवावा.'

श्रीपतीला बोलावलं. अण्णांनी प्रश्न मराठीत करून विचारला, "तू स्वतःला कोण समजतोस?"

श्रीपतीनं बराच विचार केला. आम्ही टाक शाईत बुडवून तयार.

"मी थोरला," तो म्हणाला.

"अरे, तसं नव्हे. राष्ट्रीयत्वानं कोण?"

"आमच्यात थोरल्यानं सगळ्यांचं बगायचं असतं. धाकटा तिकडं एकटा हाय. मला जाया पायजे. मी थोरला."

मी म्हटलं, अण्णा, हे कसं लिहायचं? अण्णांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि आपल्या हातानं सुंदर इंग्रजीत लिहिलं, 'अर्जदार स्वतःस थोरला समजतो.' खाली सही, शिक्का! मुंबईनं त्यावर कधीच काही विचारलं नाही. पटलं असावं.

*

मग ऑगस्टात स्वातंत्र्य आलं. कचेरीवर झेंडा लागला, पेढे वाटले, हसनभाईंनी नवा फेटा बांधला. मी धावत अण्णांकडं गेलो. "अण्णा, आता ब्रिटिश प्रजाजन नाही आणि संरक्षणाखालचा इसमही नाही! श्रीपतीचा प्रश्न सुटला!"

अण्णा म्हणाले, "राज्य गेलं रे. छापील फॉर्म अजून तीन कपाटं शिल्लक आहेत."

आणि खरंच! जुना शब्द चालेना आणि नवा शब्द ठरेना. वरचं एक खातं म्हणे असं लिहा, दुसरं म्हणे तसं लिहा, तिसरं म्हणे आमचं ठरेपर्यंत काहीच लिहू नका. त्या दिवसांत मुंबईहून तीन पासपोर्ट आले. एकावर जुनेच शब्द, एकावर जुने शब्द खोडलेले, आणि एकावर जागा कोरी. तिसऱ्याचा मालक जिल्ह्यातला नावाजलेला वकील होता. तो म्हणाला, "म्हणजे मी कुणीच नाही?"

हसनभाई म्हणाले, "वकीलसायेब, कोरा हाय तंवर पायजे त्ये व्हा की!"

*

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला संस्थानं विलीन झाली. संस्थानची कारकून मंडळी इकडंतिकडं वाटली गेली, आणि एके सकाळी आमच्या दारात एक बारीक, चष्मेवाले गृहस्थ छत्री आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले.

"मी दत्तोपंत," ते म्हणाले.

अण्णा उठून उभे राहिले. साहेब आले तरी इतक्या चटकन उठत नसत. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. अण्णांना वाटलेलं, दत्तोपंत मिशीवाले धिप्पाड असणार. दत्तोपंतांना वाटलेलं, अण्णा किडकिडीत असणार.

"प्रकृती बरी आहे ना?" अण्णांनी विचारलं.

रिकामी खुर्ची एकच होती, अण्णांच्या बरोबर समोर. दत्तोपंतांना काम मिळालं पासपोर्टच्या तुंबलेल्या पत्रांना उत्तरं देण्याचं. सगळ्यात वर श्रीपतीची फाइल, आणि फाइलीत सगळ्यात वर संस्थानचं शेवटचं पत्र. 'हा इसम आपण आपला मानता किंवा कसं, याचा अखेरचा खुलासा आठ दिवसांत करावा.' खाली सही, दत्तोपंत!

दत्तोपंतांनी ते पत्र सकाळी हातात घेतलं. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, तरी कागद कोराच.

"काय दत्तोपंत, लिहा की उत्तर," अण्णा म्हणाले.

दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला. "लिहितो हो. पण विचारणाऱ्यानं कोंडीतच पकडलंय!"

संध्याकाळी त्यांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं, 'इसम आपला आहे.' समोरून अण्णांनी सही केली. दीड वर्षाचं भांडण त्या एका ओळीत मिटलं.

*

श्रीपतीचा पासपोर्ट आला. छापलेले शब्द खोडून वर टाइप केलं होतं, 'भारतीय'. मी आधी मोंबासाला तार केली, मग वांगवाडीला निरोप धाडला. श्रीपती आला तो आईला घेऊनच. त्यानं पासपोर्ट दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. माझ्या छातीवरचा दगड उतरला.

कृष्णाबाईनं विचारलं, "कुनाचा ठरला माजा ल्योक?"

"भारतीय," अण्णा अभिमानानं म्हणाले. "आपल्या देशाचा."

"आन धाकटा? त्येच्या बुकात काय हाय?"

अण्णांनी दत्तोपंतांकडं पाहिलं. दत्तोपंतांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गणपतीच्या पासपोर्टात अजून 'जन्मानं ब्रिटिश प्रजाजन' होतं.

कृष्णाबाईनं आमच्या तिघांची तोंडं बघितली आणि तिला काय ते कळलं. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "एक सोडवला की दुसरा आडकतोय. दोगं एका ठिकानी असली म्हंजी झालं."

*

आणि हा शेवटचा.

श्रीपती बोटीत बसून दोन महिने झाले होते. भर दुपारी कृष्णाबाई कचेरीत आली. फडक्यात बांधलेला खरवस तिनं अण्णांच्या टेबलावर ठेवला.

"थोरल्या सुनंला सातवा लागलाय. पयली खेप. तिचं म्हायेर ओढ्यापल्याड. सांगा, कुटं पाटवू?"

अण्णा मोठ्यानं हसले. "बाई, आता कसला ओढा आणि कसली हद्द! सगळीकडं एकच राज्य. खुशाल माहेरी पाठवा."

"लिवून द्या."

अण्णांनी उभ्या जन्मात वरिष्ठांना विचारल्याशिवाय एक ओळ लिहिली नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी कोरा कागद ओढला. दत्तोपंत खुर्ची घेऊन शेजारी आले. 'हरकत नाही' लिहायचं की 'परवानगी आहे', यावर दोघांची अर्धा तास जुंपली. शेवटी ठरलं. 'पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्यास हरकत नाही. जन्मणारं मूल कोणत्याही बाजूस जन्मलं तरी आपलंच समजण्यात येईल.' दोघांच्या सह्या, वर शिक्का.

कृष्णाबाईनं कागद हसनभाईंकडून दोनदा वाचून घेतला. घडी घालून कनवटीला लावला.

"मग केव्हा पाठवताय सूनबाईंना?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई पाटवायची."

"अहो, मग हा कागद?"

"कागद असू द्या जवळ. तुमी आज एक झालायसा, लय ग्वाड वाटलं. पर उद्या परत भांडलासा तर?" तिनं पदर सावरला. "इहीनबाईलाच आनलीया घरी. गोठ्याजवळची खोली सारवून दिलीया तिला. त्येवढं तिचं. आमी कुनी इचारल्याबिगर आत पाय ठिवत न्हाई. मी बी उंबऱ्याभायेरनं हाक मारती. उद्या सुनंची वटी भरून तिला त्या खोलीत धाडनार. झालं म्हायेर!"

ती निघून गेली. खरवस तसाच.

मग दत्तोपंतांनी हळूच टाक उचलला, शाईत बुडवला आणि अण्णांना विचारलं, "अण्णा, ती खोली कुणाच्या हद्दीत धरायची?"